दात मोडलेली कॅसेट

नेरच्या बसस्टँडमागे मन्सूरचं टेप-रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दर शुक्रवारी तो नमाज पढून परतला की कचेरीतले कारकून यज्ञेश्वरभाऊ डबा संपवून तिथे हजर व्हायचे आणि बूड टेकायच्या आधी विचारायचे, "सध्या काय ऐकून राह्यला, मन्सूरभाई?"

बारा वर्षं हाच प्रश्न. एकाने दिलेली कॅसेट दुसऱ्याने आठवडाभर ऐकायची आणि आवडली नाही तर तोंडावर सांगायचं, असा दोघांचा कायदा. मन्सूरच्या लाडक्या कव्वालीला भाऊंनी एकदा 'भांडण' म्हटलं होतं, तर त्यांच्या भजनाला मन्सूरने झोपेचं औषध. दोस्ती मात्र पक्की.

मन्सूरची आई खातूनबी लग्नाआधी मजुरीने कापूस वेचायला जायची. वेचणीची तेव्हाची गाणी तिला अजून पाठ होती. पण गायची ती फक्त बायकांत, हळदीला नाहीतर मेहंदीला. दारात पुरुष दिसला की गप्प. हा आवाज आपल्याच घरात राहून जाणार, याची मन्सूरला फार हळहळ वाटे. आणि ऐकवायचा तरी कोणाला? कान असलेला माणूस त्याच्या माहितीत एकच होता. महिनाभर त्याने आईची मनधरणी केली.

"बेटा, एकच आदमी सुनेगा ना?"

"एकच, अम्मी."

कॅसेट भरून झाल्यावर मन्सूरने तिच्या पाठीवरचे दोन्ही प्लास्टिकचे दात मोडले, म्हणजे तिच्यावर चुकूनही कोणी दुसरं काही भरायला नको. तिच्यावरून दुसरी कॅसेट भरून घ्यायला दात आड येत नाहीत, हे जन्मभर तोच धंदा केलेल्या या शहाण्याच्या डोक्यात आलं नाही. दोस्तीत डोकं असंच चालतं.

पुढच्या शुक्रवारी भाऊ आले ते नेहमीचा प्रश्न न विचारताच बसले. मग म्हणाले, "मन्सूरभाई, आता मले दुसरं काही देऊ नका. हेच पुरे." मन्सूरने ते शब्द जसेच्या तसे आईला नेऊन सांगितले. ती पदराआड हसली.

मृगाच्या तोंडावर बियाण्यांच्या जीपगाड्या गावोगाव फिरू लागल्या. त्यातलीच एक स्टँडवरून गेली आणि मन्सूरच्या हातातला पेचकस खाली पडला. भोंग्यातून खातूनबी गात होती. दर ओळीनंतर कोणीतरी बाप्या बियाण्याचं नाव ओरडत होता, आणि पुन्हा खातूनबी.

मन्सूर तडक भाऊंच्या घरी गेला. भाऊ घाबरले, पण कबूल झाले.

"कंपनीचे साहेब कचेरीत आलते. त्याइले गावाकडचा खरा आवाज पाह्यजे होता. इतकं चांगलं गाणं लोकाइनं ऐकू नये काय? अन् मी नाव थोडंच सांगितलं!"

त्यांच्या डोक्यावर भिंतीवर नवं घड्याळ टिकटिकत होतं. त्यावर त्याच बियाण्याचं नाव होतं. दोन महिने त्या घड्याळाखाली बसून मन्सूर चहा प्यायला होता आणि वर 'मस्त आहे' असंही म्हणाला होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

खातूनबीनेही जीप ऐकली. ती उठली आणि रस्त्याकडची खिडकी लावून घेतली. तो सारा पावसाळा मन्सूरने तिच्यासमोर मान वर केली नाही.

दिवाळीच्या आसपास शेजारच्या गावची मैनाबाई आली. चहा घेतला, मग हळूच म्हणाली, "खातूनबी, जीपमंदी तुमचा आवाज मी पहिल्या झटक्यात वळखला. माह्या हळदीले तुमीच तर गायल्या होत्या. मनात म्हटलं, खातूनबी सांगून राह्यल्या म्हणजे खोटं नसंल. तेच बियाणं पेरलं. अळीनं एक बोंड ठेवलं नाही, बाई." ती भांडली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त सांगितलं, आणि कपबशी विसळून ठेवून गेली.

खातूनबी मग मन्सूरकडे वळली.

"एकच आदमी बोला था ना तूने?"

त्यानंतर त्या घरात गाणं झालं नाही. लग्नाची बोलावणी आली की तिचे गुडघे दुखायचे.

एका शुक्रवारी भाऊ दुकानाच्या पायरीशी आले. दात मोडलेली कॅसेट त्यांनी टेबलावर ठेवली. जरा घुटमळले आणि, सवयीने म्हणा की दुसरं काही सुचेना म्हणून, त्यांनी विचारलं, "सध्या काय ऐकून राह्यला, मन्सूरभाई?"

"एकच गोष्ट ऐकून राह्यलो, भाऊ. दिवसरात्र."

"कोणती?"

"अम्मीची. एकच आदमी बोला था ना तूने."

भाऊ उभेच राहिले. मन्सूरने त्यांना बसा म्हटलं नाही.