देवाच्या पायाला सात बोटं

बांधावर शंभरेक माणसं चपला हातात घेऊन उभी होती आणि सगळी एकाच दिशेला बघत होती. आमच्या घासाच्या शेतात म्हणे देवाची पावलं उमटली होती. जनावरांसाठी पेरलेला लसूणघास सगळीकडे पिवळा, खुरटलेला, आणि मधोमध ट्रॅक्टरएवढी दोन हिरवीगार पावलं. टाच, तळवा, बोटं, सगळं जागच्या जागी.

"बघा," भगव्या कफनीतले एक बाबा सांगत होते, "तो उभा राहिला तिथे हिरवं. तुमच्या शंका उभ्या राहिल्या तिथे पिवळं."

शंका पिकातला नत्र खातात, हे मला नवीनच होतं. मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, तरीही.

दादा, माझा सख्खा थोरला भाऊ, पावलांमधली माती पुड्यांत भरून वाटत होता. माती फुकट, शेजारी दानपेटी. आणि गंमत म्हणजे ही माती लागू पडत होती. "आमच्या घासात टाकली, महिन्याभरात पिकाला काळोखी आली, गर्द हिरवं झालं," शेजारच्या दूधवाल्या काकू शपथेवर सांगत होत्या. पिकाला लागू पडते तर माणसाला का नाही, असं म्हणून लोक ती पाण्यातून पिऊ लागले. आमची आईसुद्धा. आठ दिवसांपूर्वी तिने इन्सुलिन बंद केलं होतं, आणि हे मला आज सकाळी वहिनीच्या फोनवरून कळलं.

आई बांधावर खुर्चीत बसली होती. ओठ सुकलेले, हातातली पाण्याची बाटली रिकामी.

"घरी चल, इंजेक्शन घे," मी म्हटलं.

"अगं, शेत सुधारतंय तशी मीही सुधारेन. दादा रोज आपल्या हाताने माती देतो मला."

मी चपला काढल्या आणि सरळ शेतात शिरले. उजव्या पावलाची बोटं मोजली. पुन्हा मोजली.

"महाराज, या पायाला सात बोटं कशी?"

बाबांचं उत्तर तयारच होतं. "बेटा, देव चालतोय. पाऊल पुढे पडतंय."

"उताराकडेच बरं चालतोय. चढ झेपत नाही वाटतं त्याला?"

मागे कुणीतरी हसलं. ती जादा दोन बोटं पाण्याच्या पाटाला धरून वाढली होती. मी खाली बसले, पावलातलं एक रोप मुळासकट खणून काढलं, पिवळ्यातलं एक काढलं, आणि दोन्ही बांधावर आणून दाखवली. हिरव्याच्या मुळांवर बारीक गुलाबी गाठी होत्या. पिवळ्याची मुळं नुसती पांढरी.

"या गाठींत जिवाणू राहतात," मी म्हटलं. "हवेतला नत्र पकडून ते घासाला देतात, घास त्यांना साखर देतो. आपल्या मातीत यंदाच्या आधी घास कधी नव्हताच, म्हणून ते जिवाणूही नव्हते. कुणीतरी ते फक्त पावलांच्या आकारात टाकले. घास एकदा पेरला की तीन-चार वर्षं नुसता कापत राहायचा, नांगर फिरत नाही, म्हणून आकार टिकला. दर पाण्याला जिवाणू उताराकडे वाहिले आणि देवाला बोटं फुटली. काकू, ते तुमच्या शेतात गेले ते या मातीतूनच."

बोलता बोलता मी दादाकडे बघितलं. पाच महिन्यांपूर्वी या जिवाणूंची पाच पाकिटं दादाला मीच दिली होती. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला कशी चोळायची तेही सांगितलं होतं. तेव्हा चहा पिता पिता त्याने विचारलं होतं, "म्हणजे जिथे लावलं तिथेच हिरवं होणार?" भाऊ किती लक्ष देऊन ऐकतोय, म्हणून मला कौतुक वाटलं होतं.

"तू दिलेली जिवाणूंची पाचही पाकिटं मी सगळ्या बियाण्याला लावली होती," दादा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "काही उपयोग झाला नाही. मग ही पावलं उमटली."

माना डोलल्या. खरं सांगते, क्षणभर मीही विश्वास ठेवला. भाऊ आहे माझा.

मी इन्सुलिन आणायला घरी गेले. फ्रिज उघडला. दारात आईचं औषध होतं, आणि खालच्या कप्प्यात, भाजीच्या मागे, चार पाकिटं. थंड जागी ठेव, हेही मीच सांगितलं होतं. प्रत्येकावर माझं अक्षर: 'दादा, पूर्ण शेताला.'

इन्सुलिनसोबत ती मी आणून आईच्या मांडीवर ठेवली. तिने चारही नीट वाचली.

"पाचवं कुठे आहे?" तिने दादाला विचारलं.

दादाने हातातली पुडी पेटीवर ठेवली. "ही दुसऱ्या शेतांत पावलं उमटवायला लागणार होती," एवढंच तो पुटपुटला. बाबा तोवर गर्दीत आपल्या चपला शोधत होते.

"मला माती पाजताना तुला माहीत होतं?"

"इंजेक्शन बंद कर असं मी म्हटलं नव्हतं, आई."

"बंद केलं तेव्हा घे असंही म्हणाला नाहीस."

बाबांनी फसवलं याचं मला काही वाटलं नाही, त्यांचा तो धंदाच आहे. केसाने गळा कापला तो दादाने, आणि तोही मी शिकवलेल्या विद्येने. आईने बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. दादाकडे तिने बघितलं नाही.

चमत्कार दिसला तर खुशाल बघा, पण हात जोडण्याआधी एक रोप मुळासकट काढून बघा. डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणाच्या मातीसाठी सोडू नका. आणि पुडी देणारा हात आपल्याच माणसाचा असला, तरी आत काय आहे ते विचारा. आमच्या आईने आठ दिवस विचारलं नव्हतं.