पाहुण्यांची टाकी

मी एक जुनी टाकी आहे. पाण्याची नव्हे, हे आधीच सांगते, कारण हल्ली सगळ्यांचा तसाच समज झाला आहे. माझ्या पोटात जिवाणू वाढवले जात. जाड स्टीलचं अंग, आत फिरणारं पातं, काचेची छोटी खिडकी आणि काही बिघडलं की वाजणारा अलार्म, असा माझा थाट होता.

मित्रांनो, माझे जिवाणू मोठे धोरणी! त्यांना साखर भरपूर द्यायची, पण नायट्रोजनचं खत बंद करायचं. मग त्यांना वाढता येत नाही. ते साखरेचं पॉलिमर बनवून अंगात साठवतात. त्याचा टाके घालायचा धागा होतो, तो शरीरात सावकाश विरून जातो. मात्र खत मिळालं रे मिळालं, की हे बहाद्दर साठवण फस्त करून वाढायला लागतात.

मला सांभाळणाऱ्या शास्त्रज्ञ ताई जिवाणूंना लाडाने 'पाहुणे' म्हणत. मग सगळेच म्हणू लागले. "पाहुणे कसे आहेत?" "उपाशी आहेत, मजेत आहेत!" या लाडक्या शब्दानेच आमचा घात केला.

दोन खेपा वाया गेल्या होत्या. "या वेळी पॉलिमर निघालं नाही तर विभाग बंद," असं साहेबांनी ताईंना बजावलं होतं. तिसरी खेप झकास जमली. ती पाहायला एक सर्जनबाई येणार होत्या. खांद्याचा स्नायूबंध तुटला की तो जुळून यायला फार वेळ लागतो आणि नेहमीचा विरणारा धागा त्याआधीच ढिला पडतो. म्हणून त्यांना आमच्या धाग्याची चाचणी घ्यायची होती.

नेमकी त्या सकाळी ताईंची गाडी वाटेत बंद पडली. त्यांनी आमच्या ऑपरेटरभाऊंना फोन केला.

"भाऊ, मला उशीर होतोय. पाहुण्यांना उपाशी ठेवू नका हं."

"म्हणजे खायला घालू? आज?"

"अहो, आजच तर! हात आखडू नका."

भाऊ पडले आज्ञाधारक. त्यांनी खताचा अख्खा कॅन माझ्यात रिकामा केला. मी जीव तोडून अलार्म वाजवला. "काय कटकट आहे या म्हातारीची!" म्हणत त्यांनी तोच बंद केला. असा संताप आला, पण करते काय?

तेवढ्यात सर्जनबाई दारात आल्या. "जरा चहा मिळेल का हो?"

"थांबा, मी पाहुण्यांचं बघतोय."

"मग आम्ही कोण?"

भाऊंनी त्यांना खुर्ची दाखवली.

ताई आल्या तेव्हा दुपार टळली होती. त्यांनी सूक्ष्मदर्शकात पाहिलं. पेशी रिकाम्या होत्या.

"तुम्हीच म्हणालात ना, पाहुण्यांना खायला घाला?" भाऊ रडवेले झाले.

"अहो भाऊ, मी या बाईंबद्दल बोलत होते." ताईंनी खताचा रिकामा कॅन उचलून पाहिला.

सर्जनबाई उठल्या. "माझे पेशंट थांबलेत. जुन्याच धाग्याने शिवते, दुसरं काय करणार?"

विभाग बंद झाला. ताई आता दुसरीकडे प्लॅस्टिकच्या पिशव्यांची जाडी मोजतात. इथले लोक माझ्यात फरशी पुसायचं पाणी भरतात, आणि वर म्हणतात, टाकी मजबूत आहे हो! चीड येते नुसती.

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत ठेवलं नाहीत तरी चालेल. पण एखादं यंत्र ओरडू लागलं, तर त्याचं तोंड दाबण्याआधी त्याच्या पोटात काय दुखतंय, तेवढं बघा.