पापणीवरचं मेण

‘‘आजोबा, तुमच्या पापणीवर मेण सांडलंय. पुसू?’’

मित्रांनो, हे नातीला दिसलं ते माझ्यातून. मी एक जुनं भिंग आहे. घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा मला उजव्या डोळ्यावर, भुवई आणि गालाच्या चिमटीत धरतात. चाळीस वर्षं झाली. केसाहून बारीक स्प्रिंगा, राईएवढे स्क्रू, सारं मी त्यांना मोठं करून दाखवलं. गिऱ्हाईकं म्हणायची, ‘‘नजर असावी तर अशी!’’ आजोबा मला फुंकर घालून म्हणायचे, ‘‘श्रेय याचं.’’

नातीला दिसलेलं मेण म्हणजे नाकालगत, दोन्ही पापण्यांवर आलेले पिवळट, चपटे उंचवटे. नातीची आई, म्हणजे आजोबांची मुलगी, लेकीला एक शिंक आली तरी थर्मामीटर काढणारी. पण तेव्हा तीच म्हणाली, ‘‘वय झालं की येतात गं डाग. दे ते भिंग, डोळ्याला लागेल!’’

काही महिन्यांनी एका दुपारी आजोबांच्या उजव्या डोळ्यापुढे वरून पडदा उतरला. त्यांनी मला पुसलं. पाच मिनिटांत पडदा गेला. ‘‘पुसल्यावर कसं लख्ख झालं!’’ ते खूश. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मात्र मला साबणानं धुऊनही एक कोपरा अंधारलेलाच राहिला. ते मुलीला म्हणाले, ‘‘हे म्हातारं झालं. अधूनमधून आंधळं होतं.’’

मला फार लागलं ते. पण मला तोंड कुठे होतं?

मुलीनं मला स्वतःच्या डोळ्याला लावलं. सगळं स्वच्छ. मग तिनं माझ्यातून वडिलांकडे पाहिलं. मेण तिथेच होतं, आणखी पसरलेलं.

‘‘बाबा, दुकान बंद करा.’’

‘‘अगं, पाचला गिऱ्हाईक येतंय...’’

‘‘घड्याळ थांबलं तर तुम्ही चालू कराल. तुम्ही थांबलात तर?’’

त्याच दिवशी डोळे, रक्त, मान, सारं तपासलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘‘काका, भिंग बिचारं निर्दोष आहे. तुमचं कोलेस्टेरॉल भरमसाट वाढलंय. पापण्यांवरच्या डागांनी ते कधीचं सांगितलं होतं. मानेतल्या रक्तवाहिनीत चरबी साचलीय. तिचे कण सुटून डोळ्यात अडकले. पुढचा कण मेंदूत जाऊन पक्षाघात झाला असता.’’

डोळा वाचला, अंधारलेला कोपरा मात्र परत आला नाही. आता गोळ्या आहेत, रोजचं चालणं आहे, आणि मी डाव्या डोळ्यावर बसतो. मुलगी अजून म्हणते, ‘‘पोरीनं सांगितलं तेव्हाच ऐकायला हवं होतं.’’

मित्रांनो, आज घरातल्या मोठ्या माणसाजवळ जाऊन बसा. त्यांच्या पापण्या नीट पाहा. विचारा, ‘‘मध्येच एका डोळ्यानं दिसेनासं होतं का?’’ ‘हो’ म्हणाले, तर त्यांच्या हातातलं काच पुसायचं फडकं काढून घ्या, आणि लगेच दवाखान्यात न्या.