साडूंची विमाने तोलणारा काटा

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. किराणा दुकानातला नव्हे; तो माझा चुलतभाऊ. मी विमाने तोलली आहेत. विमानाच्या तीन चाकांखाली माझे तीन लोखंडी पाट असतात आणि तिन्हींवरचे मिळून वजन एकाच तबकडीवर उमटते. खोटे बोलणे मला जमत नाही. त्यामुळे माझ्यावर डाफरलेल्या माणसांची यादी बरीच लांब आहे.

आमच्या विमानतळाच्या दोन टोकांना दोन कारखाने होते. त्यांचे मालक एकमेकांचे साडू आणि पक्के प्रतिस्पर्धी. एक मूळचा सुतार. दारे-खिडक्या करता करता त्याने हौसेने लाकडी ग्लायडर बनवले, ते उडाले, आणि मग गड्याचे दारे-खिडक्यांत मन लागेना. दुसरा बसच्या बॉड्या बांधायचा. "बसला पंख लावले की झालं," असे तो म्हणायचा, आणि त्याचे पहिले विमान अगदी तसेच दिसत असे. सुताराचे विमान हलके, पण पावसात फुगायचे. बसवाल्याचे दणकट, पण धावपट्टी संपत आली तरी जमीन सोडायला तयार नसायचे. पुढे सुतार पत्रा जोडायला शिकला आणि बसवाला वजन घटवायला. कुणाकडून? एकमेकांकडे चोरून बघून! घरी दोघी बहिणी एका ताटात जेवायच्या, आणि इकडे हे दोघे एकमेकांच्या फाटकाकडे डोळे लावून बसायचे.

माझ्यावर विमानतळाने नेमलेली बाई म्हणजे सुताराचीच मुलगी. तिला सगळे काटेताई म्हणत. पोरगी बापाकडे झुकेल, असे कुणीतरी बसवाल्याच्या कानात घातले. तो म्हणाला, "माझी भाची आहे ती. तीन किलोंसाठी परवा मलाच परत पाठवलं तिनं. ती कुठली झुकतेय?"

एकदा सरकारला डोंगरमाथ्यावरच्या गावांसाठी एकोणीस आसनांची चाळीस विमाने हवी होती. रिकाम्या विमानाचे वजन चौतीसशे किलोंच्या आत हवे आणि वरच्या आखूड धावपट्टीवरून सगळी आसने भरून उडून दाखवायचे, अशी अट होती. बसवाल्याचे विमान वजनात पास झाले. सुताराच्या कारखान्याला मात्र दोन वर्षे काम नव्हते. ही संधी हुकली असती तर फाटकाला कुलूप लागले असते आणि दोनशे माणसे घरी बसली असती.

सुताराचे विमान माझ्यावर चढले. तेहतीसशे नव्वद! टाळ्या पडल्या. सुताराने लेकीपुढे कागद सरकवला, पण ती सही करेना. माझा काटा थरथरत होता, आणि तो उगीच थरथरत नाही, हे तिला ठाऊक होते. तिने मागे वळून पाहिले. शेडचे मागचे दार हातभर उघडे राहिले होते. वारा पंखांखाली शिरून विमानाला अलगद उचलून धरत होता.

"दार लावा. पुन्हा तोलू," ती म्हणाली.

"अगं, आकडा आलाय ना!" सुतार भडकला. "बापाच्याच पायावर धोंडा घालतेस?"

"बाबा, वाऱ्यानं उचललेलं वजन डोंगरावर कोण उचलणार? आत एकोणीस माणसं असतील."

दार लागले. चौतीसशे एकतीस. मलाही वाईट वाटले, पण करणार काय?

सुतार विमानात चढला. आत त्याने शिसवीच्या फळ्या बसवल्या होत्या, स्वतः रंधा मारून, स्वतः पॉलिश करून. उघडा पत्रा त्याला बघवत नसे, सुतारच तो! बराच वेळ तो त्या फळ्यांवर हात फिरवत बसला. मग त्याने स्क्रू-ड्रायव्हर मागितला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एकेक फळी तो काढत होता, डोळे पुसत होता, आणि लेक शेजारी बसून स्क्रू ओंजळीत धरत होती. फळ्यांच्या जागी साधे कापड ताणले. दार घट्ट लावले गेले आणि मी पुन्हा तोलले. तेहतीसशे सत्त्याण्णव! काटेताईने सही केली आणि मग बापाच्या गळ्यात पडली.

डोंगरावरच्या चाचणीनंतर सगळ्यात आधी शेडमध्ये कोण आले असेल? बसवाला! धापा टाकत म्हणाला, "पोरी, तुझा बाप जिंकला! माझं विमान शेवटच्या दगडाला शिवून उठलं गं, आणि त्याचं अर्ध्या वाटेतच आभाळात! पंख करावेत तर त्या लबाडानंच!"

मित्रांनो, माझ्या लोखंडी छातीत आनंद मावेना. ती चाळीसही विमाने माझ्यावरून गेली. हरलेला बसवाला ईर्षेने पन्नास आसनांच्या विमानांकडे वळला आणि त्याने सपाटीवरची शहरे जोडली. भांडता भांडता दोघेही मोठे झाले.

आता इलेक्ट्रॉनिक काटे आले आहेत. माझ्या पाटांवर चहाचे कप ठेवतात, आणि तबकडीवर धूळ साचली आहे. तुम्ही कधी आलात तर ती पुसा, एवढेच मागणे आहे. आणि तुमच्या घरचा काटा नकोसा आकडा दाखवू लागला, तर त्याला बडवू नका. काटेताईच्या सहीची ती चाळीस विमाने आजही डोंगरावर ये-जा करतात. त्यांनी किती माणसे वर नेली, ते मला मोजता येत नाही. पण वर नेलेला प्रत्येक माणूस सुखरूप उतरला आहे.