सरूबाईचे गार हात

"चढलं! पाणी चढलं!"

खारदांड्याच्या देवळापुढे मुंगीला शिरायला जागा नव्हती. पोरं कठड्यावर, बायका मासळीच्या पाट्या घेऊन पायऱ्यांवर, पुरुष मागे हाताची घडी घालून. मधोमध विनिता उभी. तिच्या तळहातांवर महाराजांचा काचेचा, वरून बंद कलश, त्याला बुडाकडून वर वळलेली बगळ्यासारखी बारीक चोच. त्या चोचीतलं कुंकवाचं लाल पाणी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत वर सरकत होतं.

"पाहा भक्तांनो!" दर्यानाथ महाराज कडाडले. "दर्याला ज्वर चढलाय! कोणामुळे? हिच्यामुळे! परक्या गावची पोर, हिचे हात तापट! म्हणून म्हावरं पळालं, ढग पळाले, लक्ष्मी पळाली!"

याआधी प्रेमा कोळणीने कलश धरला, तेव्हा पाणी खाली उतरलं होतं. सरूबाईने धरला, तेव्हाही उतरलं. विनिताच्या हातात मात्र चढलं. सरूबाई तिची सासू. नारळी पुनव उलटून गेली, तरी आभाळ कोरडंठाक, जाळी रिकामी. सरूबाईने देवीसमोर बोलून टाकलं होतं, "जिच्या हाती पाणी चढंल, ती दर्या निवंपर्यंत माझ्या उंबऱ्याच्या आत नाय."

"आता नीघ, मुलुंडला बापाकडं जा," सरूबाई म्हणाली. विनिताने नवऱ्याकडे पाहिलं. कृणाल चपलेचा अंगठा न्याहाळत उभा.

गर्दीच्या कडेला विद्याधर मास्तर दात-ओठ खात होते. जोगेश्वरीच्या शाळेत विज्ञान शिकवायचं आणि एकादशीला याच देवळात कीर्तनाला उभं राहायचं, हा त्यांचा जुना नेम. गेल्या एकादशीला पूर्वरंगात त्यांनी हेच तर सांगितलं होतं, समुद्र का तापतो, पाऊस का रुसतो. माणसांनी माना डोलावल्या, टाळ्यांचा ठेका धरला, पाया पडले आणि तसेच उठून महाराजांच्या रांगेत जाऊन बसले! इतकं गोड ऐकून घेतात आणि कानातून आत काहीच जात नाही. पांडुरंगा, मी गातो तरी कोणासाठी?

तेवढ्यात त्यांना प्रेमा दिसली. ती बधिर झालेली बोटं पदरात धरून चोळत होती. शेजारी तिची पाटी, पाटीत वितळता बर्फ. मास्तरांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ते पुढे आले. "विनिता, इथे येण्याआधी काय करत होतीस गं?"

"भाकऱ्या थापत होते. आईंसाठी. त्या बाजारातून भुकेल्या येतात."

"सरूबाई, सकाळपासून उभ्या आहात. आधी घोटभर चहा घ्या."

टपरीवरचा वाफाळता ग्लास आला. सरूबाईने दोन्ही तळव्यांत धरून फुंकर मारत सावकाश प्यायला. विनिताला मास्तरांनी हळूच सांगितलं, "पोरी, तू तोवर त्या पाटीतल्या बर्फात हात घाल."

"आता पुन्हा धरू द्या दोघींना," मास्तर म्हणाले.

महाराज चमकले. "देवाची दोनदा परीक्षा? कलश फुटेल!"

"फुटू दे. सुनेच्या संसारापेक्षा काच मोठी?"

"दे इकडं!" सरूबाईने ठसक्यात कलश ओढून घेतला. "माझ्या हातात उतरंलच!"

पाणी चढलं. चढतच गेलं, चोचीतून ओघळलं आणि सरूबाईच्या पदरावर लाल डाग पडला. विनिताने ओले, लालबुंद झालेले हात पुढे केले आणि कलश घेतला. पाणी गुपचूप खाली उतरलं.

"आता घालवा मला घराबाहेर!" सरूबाई रडवेली होऊन महाराजांवर ओरडली.

"अहो, कलशात पाणी आहे आणि त्याच्यावर हवा कोंडलेली," मास्तर म्हणाले. "ऊबदार हात लागला की हवा फुगते, पाण्याला चोचीत ढकलते. गार हात लागला की आक्रसते, पाणी उतरतं. महाराज परीक्षा बाजार आटोपल्यावरच घेतात, कारण तेव्हा तुम्हा सगळ्यांचे हात बर्फाने गोठलेले असतात. फक्त भाकऱ्या थापणारीचे नसतात!"

"मग दर्या कोणी तापवला?" मागून म्हातारे महादू तांडेल गुरगुरले.

"काका, पॅसिफिक महासागरात एरवी वारा गरम पाणी इकडे, इंडोनेशियाच्या बाजूला लोटत असतो. काही वर्षांनी तो वारा ढिला पडतो. गरम पाणी मधे आणि पलीकडे, अमेरिकेच्या अंगाला पसरतं. कलशातली हवा कोंडलेली होती, दर्यावरची मोकळी. ती तापून वर निघून जाते आणि तिथला हवेचा दाब उतरतो. मग आपल्या बाजूला दाब चढतो, हवा वरून खाली बसते, ढगांना डोकं वर काढू देत नाही. वारा आणखी ढिला, पाणी आणखी पसरतं, असं एकाने दुसऱ्याला ओढत नेणं चालतं. यालाच एल निनो म्हणतात. तो आला की आपला पाऊस बरेचदा ओढ देतो, दर वेळी देतोच असंही नाही. आणि आपलाही दर्या तापला, की म्हावरं गार पाणी शोधत खोल जातं. एवढ्या मोठ्या खेळात या पोरीचे हात कुठे बसवता?"

"मग म्हावरं कधी येणार, ते सांगा की," तांडेल म्हणाले.

"ते मला माहीत नाही."

"महाराजांना माहीत हाय," कोणीतरी पुटपुटलं.

मास्तरांचा तोल सुटला. "ज्याला माहीत नाही म्हणायला लाज वाटत नाही, तोच खरं बोलतो! एकवीरा आईपुढे मीही डोकं टेकतो. पण ते डोकं तिनेच दिलंय ना? मग नुसतं टेकवू नका, वापरा. डोळ्यांनी पाहा, उलटं करून पाहा, दुसऱ्याच्या हातात देऊन पाहा. आणि एखाद्या बाईला उंबऱ्याबाहेर काढण्याआधी तर दहादा पाहा!"

महाराज मागच्या गल्लीतून केव्हाच पसार झाले होते. कलश पायरीवर राहिला होता, आणि मास्तर वळून पाहतात तर एका म्हातारीने त्याला हळदकुंकू वाहिलेलं! त्यांनी कपाळावर हात मारला.

खालच्या पायरीवर सरूबाई सुनेसमोर उभी होती. तिने विनिताचे गारठलेले हात आपल्या चहाने ऊब आलेल्या तळव्यांत धरले आणि चोळू लागली.

"चल गो घरी," ती म्हणाली. "भाकऱ्या निवतील."