बॉनेटवरच्या दोन थापा

मी पाव पोचवणारी एक जुनी गाडी आहे, मित्रांनो, आणि थंडी सुरू झाली की अजूनही मला धास्ती वाटते. वारा, धुकं, दव यांचं मला काही वाटत नाही. भीती वाटते ती माझ्याच पोटातल्या पंख्याची.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी सायीच्या रंगाची होते. बेकरीवाल्या आजोबांनी मला घरी आणलं. पहाटे ताजे पाव भरून मी निघायची आणि गल्लीच्या वळणावर आले की वासानेच खिडक्या उघडायच्या. माझ्या बॉनेटची कडी मात्र पहिल्यापासून सैल. म्हणून निघण्याआधी आजोबा तळहाताने बॉनेटवर दोन सणसणीत थापा मारत. कडी बसली की आमची स्वारी निघाली! इतकी वर्षं हे चाललं, की थापा पडल्याशिवाय मला सकाळ झाल्यासारखी वाटेना.

पुढे आजोबांचे गुडघे कुरकुरायला लागले आणि मी सुनेच्या हाती आले. ती गाडी झकास चालवायची, पण कायम घोड्यावर. तिने कडी तारेने बांधून टाकली आणि थापा बंद झाल्या.

आजोबा खिडकीतून रोज विचारत, "अगं, थाप मारलीस का?"

"बाबा, ही गाडी आहे की म्हैस? थोपटल्याशिवाय पान्हा सोडत नाही का?"

"म्हैस परवडली. उलट उत्तर तरी देत नाही!"

घरात एक ठिपक्यांची मांजरी होती, सुनेच्या लेकीची. मुलीला सगळे चिमणी म्हणत आणि मांजरीला ठिपकी. पिठात केस नकोत म्हणून ठिपकीची झोप बाहेर, भट्टीच्या मागच्या भिंतीला टेकून. भिंत रात्रभर ऊबदार असे. त्या वर्षी जुनी भट्टी विझवून विजेची आणली आणि ती आत मधोमध ठेवली. पाव छान फुलायला लागले. भिंत गार पडली, हे मात्र कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सगळ्यांना वाटे, ठिपकीची सोय आहे.

मग कडाक्याची थंडी पडली. संध्याकाळची फेरी करून मी अंगणात उभी राहिले, की माझं इंजिन बराच वेळ कोमट राही. एकदा ठिपकी माझ्या खालून वर चढली आणि आत शिरली. थरथरत होती बिचारी. हळूहळू तिची थरथर थांबली आणि ती गाढ झोपली. तिची शेपटी पंख्याच्या पट्ट्यावर पडली होती.

मित्रांनो, त्या पट्ट्याला दया नसते. किल्ली फिरली की तो फिरतो. मी ओरडणार कशी? मला आवाज आहे, पण तो बटण दाबल्यावरचा.

पहाटे सून आली. पाव भरले, दार आपटलं. ठिपकी जागी झाली, पण बाहेर पडायचं सोडून भीतीने आणखीच आत सरकली. किल्ली फिरली. टक्! गारठलेल्या बॅटरीने साथ दिली नाही.

"आता तूही नखरे कर," सून माझ्यावर डाफरली आणि तिने पुन्हा किल्लीला हात घातला.

एवढ्यात चिमणी ठिपकीची पाण्याची वाटी घेऊन धावत आली. "आई, पाण्याचा दगड झालाय बघ! आणि ठिपकी कुठेच नाही."

"असेल गं भिंतीशी. बाजूला हो, उशीर होतोय."

"भिंतीशी कशाला बसेल? ती भिंत आता बर्फासारखी असते!"

सुनेचा हात किल्लीवरच थांबला. ती खाली उतरली, तिने भिंतीला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला. मग माझ्याकडे पाहिलं. अंगणात रात्री ऊबदार राहणारं आता फक्त माझं इंजिन होतं. तिने बॉनेटवर थापा मारल्या, एक, दोन. कोणी बाहेर आलं नाही. तिने तार सोडायला घेतली. बोटं गारठलेली, गाठ सुटेना. शेवटी बॉनेट उघडलं आणि दोन हिरवे डोळे दिसले.

सुनेने ठिपकीला बाहेर काढून छातीशी धरलं.

आजोबा काठी टेकत आले. वाटलं, आता बोलणार. ते एवढंच म्हणाले, "शालीत गुंडाळ. एकदम भट्टीजवळ नको, अंगात हळूहळू ऊब येऊ दे. आणि पाणी कोमट दे."

त्या दिवशी पाव उशिरा पोचले. ठिपकीला घरात, जमिनीपासून उंच, जुनी गोधडी घातलेलं खोकं मिळालं.

आता मी फार लांब जात नाही. कडी नवी बसवली आहे, घट्ट. तरी सून रोज बॉनेटवर दोन थापा मारते आणि क्षणभर कान देते. आजोबा खिडकीतून विचारतात, "आता कशाला? कडी तर पक्की आहे."

"सवय हो, बाबा," ती म्हणते.

मित्रांनो, तुमच्या दारातली गाडी सुरू होण्याआधी तिलाही दोन थापा मारा आणि आत डोकावून पाहा. आणि तुमच्या मुक्या सोबत्याची झोपायची जागा एकदा हात लावून पाहा. काल ऊबदार होती, ती आज असेलच असं नाही.