अठरा मिलिमीटर

खरं सांगतो, समरीन पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपली. संगमेश्वराजवळच्या आमच्या शेती केंद्रात पर्जन्यमापकाचा आकडा बावीस वर्षं मीच लिहीत आलो. बाजारात लोक थांबवून विचारायचे, "रावजी, उद्या कसा आहे?" २००३च्या जूनमध्ये ही रत्नागिरीतल्या राजिवड्याची पोरगी बीएस्सी होऊन आली. रोज तिथून एसटीने यायची. फॅक्सवर आलेला पावसाचा अंदाज माझ्या आकड्याशी ताडून बघायचा, एवढंच तिचं काम. पण महिन्याभरात टपरीवरची माणसंसुद्धा तिलाच विचारायला लागली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मी म्हटलं, माझाही अंदाज लिही. जुलैभर रोज एकच सांगितलं, पडणार. एकतीसपैकी एकोणतीस बरोबर. फॅक्सचे पंचवीस. मी ऑफिसभर मिरवलो.

"काका, जुलैत पडणार हे माझी भाचीपण सांगेल," ती म्हणाली. "किती पडणार ते सांगा."

सगळे हसले. ते काही माझ्या पचनी पडलं नाही.

ऑगस्टपासून किती पडणार याचाही अंदाज द्यायला लागलो. एकदा फॅक्सवर आलं, जोरदार. मी छाती ठोकून सांगितलं, वीसच्या आत. रात्रभर कौलांवर बडवत होता, मला झोप कसली येते. सकाळी साडेआठला मापकाची बाटली उचलली. मापाच्या ग्लासात वीस मिलिमीटर मावतात. तीन ग्लास काठोकाठ भरले, चौथा अठरापर्यंत. म्हणजे अठ्ठ्याहत्तर. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. मी वहीत नुसते अठरा लिहिले.

रत्नागिरीत त्या रात्री भुरभुरच होती, त्यामुळे समरीनला शंका आली नाही. तिने फॅक्सपुढे फुली मारली, माझ्यापुढे बरोबरची खूण. दिवसभर मी शीळ घालत फिरलो.

चार दिवसांनी वरच्या ऑफिसातून पत्र आलं. शेजारच्या देवरुखला पंच्याऐंशी, तुमच्याकडे अठरा कसे? मोजणाऱ्याची चूक वाटल्यास आकडा रद्द करा. झालं, म्हटलं, आता ही मला बुडवणार. आकड्यावर एक रेघ ओढली की तिच्या फॅक्सपुढची फुली जात होती.

तिने माझ्यासमोरच उत्तर लिहिलं आणि वाचून दाखवलं. "आकडा रावजीकाकांनी घेतला आहे. तो बरोबर आहे. अंदाज चुकला."

तेव्हा मी सगळ्यात जास्त जळलो. तिच्या जागी मी असतो तर रेघ कधीच ओढून मोकळा झालो असतो, आणि ही माझ्याहून मोठी निघाली. मला ते सहन होईना. वही ओढली, अठरा खोडले, अठ्ठ्याहत्तर लिहिले, सही केली.

"तीन ग्लास मी मोजले, पण लिहिले नाहीत," मी म्हणालो.

पत्र फाडून तिने दुसरं लिहायला घेतलं. वरून मला एक ताकीद आली, नोकरी राहिली. दुसऱ्या दिवसापासून साडेआठला ती माझ्यासोबत मापकापाशी यायला लागली. ग्लास मी भरायचो, आकडा ती वाचायची.